तबलजीला रेसिंग ड्रायव्हर होता येतं का? नाशिकच्या एका मित्राला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा मुलगा सव्वीस वर्षांचा, गंगापूर रोडला राहणारा. दहाव्या वर्षापासून तबला शिकलेला, विशारद झालेला. गायनाला आणि कथकला साथ करतो, घरी बारा-पंधरा मुलांचा क्लास घेतो. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवायला गेला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. त्याने लिहिलंय, "दादा, मला व्यावसायिक रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय. उशीर झालाय का? तालाचा काही उपयोग होईल का? वडील म्हणतात, सोळा वर्षांची मेहनत पाण्यात घालतोयस. त्यांना काय सांगू?"

मी वीस वर्षं मोटार रॅलीत को-ड्रायव्हर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरशेजारी रस्ता वाचून दाखवायला बसलोय आणि गेली काही वर्षं नवीन मुलांना शिकवतोय. तबला मला वाजवता येत नाही, पण धाकटा भाऊ शिकला. आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांत मी तबल्याचे कायदे-रेले ऐकतच अभ्यास केला. त्यामुळे तुझा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो.

उशिराचं आधी बोलू. फॉर्म्युला वनसाठी उशीर झालाय, ती गोष्ट आजच मनातून काढून टाक. संगीतातून तिथे पोचलेल्या माणसाचं उत्तम उदाहरण म्हणजे आद्रियान सुटिल. आई-वडील दोघेही व्यावसायिक वादक आणि तो स्वतः पियानो शिकलेला. पण तो कार्टमध्ये बसला चौदाव्या वर्षी, आणि त्या खेळात चौदावं वर्षसुद्धा उशिराचंच समजतात. पुढे तो फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाकडून चालवायला लागला आणि 2011 मध्ये बुद्ध सर्किटवरच्या पहिल्या इंडियन ग्रां प्रीमध्ये नववा आला. पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा संगीतातला माणूस म्हटलं की मला तोच आठवतो.

उशिरा आलेलेही आहेत. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन पहिल्यांदा ल मान्सची 24 तासांची शर्यत धावला 1979 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, आणि एकूण पाच वेळा धावला. अमेरिकेतला कंट्री गायक मार्टी रॉबिन्स नॅसकार या तिथल्या मोटार शर्यतींच्या सर्वांत वरच्या मालिकेत उतरला तेव्हा चाळिशीला आला होता. 1966 ते 1982 या काळात तो 35 शर्यती धावला. 1974 मध्ये शार्लटला समोर अडकलेल्या गाडीवर आदळण्याऐवजी त्याने आपली गाडी भिंतीवर घातली. समोरच्या ड्रायव्हरचा जीव त्यामुळे वाचला असं मानतात. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. पण या दोघांचं घर गाण्यावर चालत होतं, शर्यतीवर नाही. व्यावसायिक हा शब्द तू कोणत्या अर्थाने वापरतोस ते ठरवून ठेव. त्यावर पुढे येतो.

आता तालाबद्दल. लोक म्हणतात, "तबलजी आहेस ना, मग लय रक्तात आहे, गाडी छान चालवशील." हे ऐकायला गोड आहे, पण अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलं अडकतात.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा, हाताने अत्यंत तयार. कार्टिंगला त्याच्या दहा फेऱ्यांच्या वेळा काढल्या तर सगळ्या दोन-तीन दशांश सेकंदाच्या आत. एवढं सातत्य मी चार-चार वर्षं चालवणाऱ्यांतही पाहिलेलं नाही. पण तो सगळ्यांत वेगवान मुलापेक्षा तीन सेकंद मागे होता. झालं असं की पहिल्या पाच फेऱ्यांत त्याने ट्रॅक ठेक्यासारखा पाठ करून टाकला. इथे ब्रेक, इथे स्टिअरिंग, इथे गॅस, सगळं मात्रेवर. मग तोच ठेका तो निष्ठेने वाजवत राहिला, चुकांसकट. टायर गरम झाले, पकड वाढली, तरी याचा ब्रेक जुन्याच मात्रेवर. पावसाची सर आली तरी तिथेच, आणि मग गाडी फिरली. रस्त्याला समान मात्रा नसतात. प्रत्येक फेरीत तो थोडा बदलतो, आणि ठेका धरून बसणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

म्हणून मी तबलजीला विचारतो, तू सोलो जास्त वाजवतोस की साथ? तू साथ करतोस हे वाचून मला बरं वाटलं. ख्यालाला साथ करणारा माणूस गायकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून असतो. गायकाने समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, जरा ओढून धरलं तर आपला हात तेवढाच मागे घेतो. टायरबरोबर नेमकं हेच करायचं असतं. टायर आधी गुणगुणतो, मग त्याचा आवाज चढतो, आणि पकड सुटायच्या जरा आधी तो ओरडायला लागतो. मुरमाच्या रस्त्यावर गाडीच्या पोटाला लागणाऱ्या खड्यांचा आवाज बदलतो. डोळ्याला दिसायच्या आत हे कानाला आणि पाठीला कळतं. सरावलेल्या तबलजीला वीस मिलिसेकंदांची चूक कानाला टोचते. ताशी 180 किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी बरोबर एक मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक एक मीटर उशिरा लागला की वळणाच्या आतली बाजू हुकते. तुझा कान इथे कामाला येईल.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट तुझ्या डाव्या हातात आहे, आणि ती तुला कदाचित कुणी सांगितली नसेल.

डग्ग्यावर "घे" वाजवून तळव्याचा मनगटाकडचा भाग तू शाईच्या, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाच्या दिशेने सरकवतोस. दाब वाढतो, स्वर चढतो, मग तू हळूहळू सोडतोस आणि स्वर खाली उतरतो. ती मींड नवशिक्याला येत नाही. त्याचा हात एकतर दाबलेला असतो नाहीतर उचललेला. मधली सगळी वाट त्याला ठाऊकच नसते. तुला ती वाट तयार करायला काही वर्षं लागली असतील.

ब्रेक हा तसाच डग्गा आहे. रेसिंगमध्ये जोरात ब्रेक मारणं कुणीही चार दिवसांत शिकतो. वेळ मिळते ती ब्रेक सोडण्यात. टायरची पकड मर्यादित असते, आणि गाडी थांबवायला व वळवायला तीच पकड वाटून घ्यावी लागते. सरळ रस्त्यावर पूर्ण दाब चालतो. स्टिअरिंग वळायला लागलं की जेवढं वळवशील तेवढा पायाचा दाब कमी व्हायला हवा. दाब तसाच ठेवलास तर पुढचे टायर घसरतात आणि गाडी सरळ बाहेर जाते. एकदम सोडलास तर पुढच्या चाकांवरचा भार उतरतो, नाक वर येतं आणि तीच पकड पुन्हा हातची जाते. वळणाच्या तोंडापासून मध्यापर्यंत दाब मींडेसारखा उतरला पाहिजे. भल्याभल्यांचा पाय इथे पायरीवरून उडी मारल्यासारखा उतरतो.

हे घरी कर. जुना काट्याचा वजनकाटा घे. डिजिटल नको, त्याचा आकडा थांबून थांबून दिसतो. काटा भिंतीला उभा टेकव, समोर खुर्ची ठेव, आणि खुर्चीची पाठ दुसऱ्या भिंतीला लागू दे म्हणजे ती सरकणार नाही. विलंबित तीनतालाचा लेहरा, म्हणजे सोळा मात्रांची फिरती सुरावट लाव. समेवर डाव्या पायाने चाळीस किलोपर्यंत दाब, चार मात्रा धरून ठेव, मग पाचव्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंत काटा एकसारखा शून्यावर आण. पहिल्या दिवशी तुझा काटा चाळीसवरून थेट वीसवर पडेल, पुढे रेंगाळेल आणि शेवटी पुन्हा पडेल. तुझ्या हाताला मींड येते, पायाला येत नाही. पाय अजून "धा धिं धिं धा" वरच आहे, आणि त्याला तिथूनच शिकवायचं. लय वाढवू नकोस. "धातीट" बसल्याशिवाय तुझ्या गुरुजींनी तुला दुप्पट करू दिली नसेल, तोच नियम इथे. महिनाभराने मध्यलयीत, मग द्रुत. खऱ्या वळणात ही अख्खी क्रिया दीड-दोन सेकंदांत संपते.

कार्टिंगला गेल्यावर हे तसंच्या तसं करायला जाऊ नकोस. भाड्याच्या कार्टला बहुधा फक्त मागच्या अ‍ॅक्सलला ब्रेक असतो. वळणात ब्रेक धरून ठेवलास तर मागची बाजू फिरते. तिथे ब्रेक लवकर उरकायचा. कार्ट आणि मोटार ही दोन वेगळी वाद्यं आहेत.

तिहाईचाही उपयोग आहे. एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं म्हणजे तिहाई. ती घेणारा समेपासून उलटा हिशोब करतो, सम कुठे पडणार हे आधी ठरतं आणि उठाव त्यावरून निघतो. वळणाची सम म्हणजे बाहेर पडायची जागा, जिथे पुन्हा पूर्ण गॅस द्यायचाय. नवशिके वळणाच्या सुरुवातीकडे बघतात आणि तिथेच सगळी हुशारी संपवतात. तू नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेव आणि तिथून मागे मोजत ये. जो वळणात जरा हळू शिरतो आणि बाहेर लवकर गॅस देतो, तो पुढच्या सरळ रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकतो.

आता तू न विचारलेली गोष्ट सांगतो. ट्रॅकवर जायच्या आधी एक मोसम माझ्या जागेवर, को-ड्रायव्हरच्या सीटवर बस. रॅलीत आधी ठरवून दिलेल्या कमी वेगाने रस्ता पाहायला मिळतो. तेव्हा ड्रायव्हर प्रत्येक वळण सांगतो आणि को-ड्रायव्हर वहीत लिहून घेतो: उजवं चार, ऐंशी मीटर, डावं दोन, आत कापू नको, दगड आहे. चार, दोन हे आकडे वळण किती तीव्र ते सांगतात. शर्यतीत हे वाचून दाखवायचं. पण गाडी ज्या वळणात आहे त्याचं वाचायचं नाही, पुढच्याचं, कधी त्याच्याही पुढच्याचं. ड्रायव्हर जेवढ्या वेगात आहे तेवढ्याच लयीत, आवाज न चढवता, प्रत्येक अक्षर स्पष्ट. ही पढंतच आहे. कथकच्या साथीला बसून तू बोल पढतोस ना, तेच काम.

माझ्या तिसऱ्या रॅलीत, नाशिकच्याच बाजूच्या मुरमाड रस्त्यावर, मी एक ओळ गाळली. मला लगेच कळलं होतं, पण सांगायला लाज वाटली आणि मी पुढची ओळ वाचली. जे वळण मी "उजवं पाच" म्हणून सांगितलं ते प्रत्यक्षात डावं दोन निघालं. गाडी बांध ओलांडून द्राक्षाच्या बागेच्या कडेच्या चारीत गेली. दोघांनाही लागलं नाही, पण ड्रायव्हरचं ते वर्ष वाया गेलं. तबल्यात मात्रा चुकली तर चांगला साथीदार न डगमगता समेवर येऊन मिळतो आणि श्रोत्यांना कळतही नाही. गाडीत हे झाकायचं नसतं. चुकलं की त्याच क्षणी "हरवलो" म्हणून ओरडायचं, ड्रायव्हर गॅस सोडतो. झाकायची सवय तुला मुद्दाम मोडावी लागेल, कारण तुझी सोळा वर्षं चूक झाकायला शिकण्यात गेली आहेत.

या सीटचा खर्चही ड्रायव्हरच्या मानाने कितीतरी कमी असतो, आणि एका मोसमात रस्ता, टायर, मेकॅनिकची भाषा, स्क्रूटिनी म्हणजे गाडीची तपासणी, वेळेचं गणित सगळं कळतं. राष्ट्रीय मालिकेतली महाराष्ट्र रॅली आपल्या नाशिकला झालेली आहे. इथे रॅली समजणारी माणसं आणि तसे मेकॅनिक आहेत. सातपूर-अंबडला सस्पेन्शनचं काम येणारे हात सापडतात. याचा फायदा घे.

एका बाबतीत मात्र तुला ताकीद देतो. तू लिहिलंस की रात्री मित्राची गाडी घेऊन कसारा घाटात "लाइन", म्हणजे वळणातून जायची सगळ्यांत वेगवान वाट, पाहायला जातोस. ते आजपासून बंद. समृद्धीवरही तेच. रस्त्यावरच्या ट्रकवाल्याने तुझ्या स्वप्नाला संमती दिलेली नाही. आणि फक्त त्याच्यासाठी सांगत नाही. एलियो दे आंजेलिस नावाचा इटालियन फॉर्म्युला वन ड्रायव्हर उत्तम पियानो वाजवायचा. 1982 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ड्रायव्हरांनी संप केला आणि जवळजवळ सगळे एका हॉटेलात कोंडून बसले, तेव्हा त्याने पियानो वाजवून सगळ्यांना रिझवलं होतं. 1986 मध्ये फ्रान्समध्ये, शर्यतीत नाही तर गाडीच्या चाचणीत, त्याच्या गाडीचा मागचा पंख तुटला. आदळल्यामुळे त्याला जिवावर बेतेल असं काही लागलं नव्हतं. पण गाडीने पेट घेतला आणि त्याला बाहेर काढायला पुरेशी माणसं व साधनं तिथे नव्हती. तो धुराने गुदमरला आणि दुसऱ्या दिवशी गेला. एवढ्या मोठ्या खेळात, बंद ट्रॅकवर हे झालं. घाटात रात्री दोन वाजता तुझ्याजवळ अग्निशामक सिलिंडर घेऊन कोण उभं असणार आहे?

हात आणि कान सांभाळायचं आता. कार्टला सस्पेन्शन नसतं, सगळा हादरा मनगटात आणि बरगड्यांत येतो. बरगड्यांचं जॅकेट आणि चांगले हातमोजे पहिल्या दिवसापासून वापर. मुरमावर अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकवायचा नाही, कडेवर सरळ ठेवायचा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. सांधा धरला तर तबला कायमचा गेला. स्टिअरिंग घट्ट आवळू नकोस. "हात मोकळा ठेव" हे गुरुजींचं वाक्य इथेही तितकंच लागू आहे, आवळलेल्या हाताला टायरचं काही कळत नाही. कानाचं असं की 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. हेल्मेटच्या आत इअरप्लग हवेतच. गणपतीत तू ढोल पथकातही वाजवतोस असं लिहिलंयस, मग तिथेही घाल. तुझा कान हीच तुझी पुंजी आहे.

पैशाबद्दल. सर्किट रेसिंगला पहिला टप्पा कार्टिंग, आणि आपल्याला जवळ म्हणजे पुणे, मुंबई, कोल्हापूर. पुढे फॉर्म्युला गाड्या किंवा एकाच कंपनीच्या गाड्यांच्या शर्यती, त्यासाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आणि कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. दोन्ही इथून हजार किलोमीटरहून लांब. प्रवेश फी, टायर, मेकॅनिक, प्रवास, राहणं आणि तुटफूट धरून एका मोसमाचा खर्च लाखांत जातो. तुटफुटीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय एकही शर्यत धावू नकोस. मी चांगली मुलं याच एका कारणाने संपलेली पाहिलीत. पहिल्याच अपघाताचं बिल भरता आलं नाही आणि खेळ थांबला. स्पर्धेचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया देते, त्याला वैद्यकीय दाखला लागतो. कोणत्या प्रकाराला कोणता परवाना ते आधी त्यांच्याकडूनच तपासून घे.

मग व्यावसायिक म्हणजे काय? भारतात फक्त शर्यती जिंकून घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे, आणि यात मी खरोखर चांगले ड्रायव्हर धरतोय, शिकवतात, टायर आणि गाड्यांच्या चाचण्या करतात, कंपन्यांच्या कार्यक्रमांत गाडी चालवून दाखवतात. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. चाचणी करणाऱ्या ड्रायव्हरला वेगाइतकंच सांगणं यावं लागतं: चौथ्या गिअरमध्ये अमुक वेगाला डावीकडून कुठल्या पट्टीतला आवाज येतो, ब्रेक सोडताना पेडल कितव्या भागात कडक लागतं. हे शब्दांत सांगणारे ड्रायव्हर कमी असतात. सुराची पट्टी ओळखणाऱ्या माणसाला इथे जागा आहे, आणि तुझ्यासाठी मला हाच रस्ता सगळ्यांत पक्का वाटतो. शर्यती धाव, पण पोट यावर ठेव.

वडिलांचं. त्यांना "तबला सोडतोय" असं सांगू नकोस, कारण तू सोडू नयेस असंच माझंही मत आहे. क्लास चालू ठेव. त्या फीमधून तुझे टायर येणार आहेत, आणि मैफलीच्या तारखा सांभाळून मोसम आखता येतो. सोळा वर्षं पाण्यात जातात का, या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नकोस. त्यांना एक दिवस माझ्याकडे घेऊन ये. तू डाव्या सीटवर बसून वळणांच्या नोट्स वाच, त्यांना बाहेर उभं राहून ऐकू दे. त्यांनी तुला लहानपणी हाताने टाळी-खाली देत बसवलं असेल, तर ऐकताच त्यांना ओळखू येईल.

पाऊस संपला, मुरूम सुकला की दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी भेट. तिथून मी शिकवतो त्या बंद मैदानावर जाऊ. पातळ तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि वजनकाट्याच्या सरावाची वही घेऊन ये. वहीत रोजची तारीख आणि काटा कुठल्या मात्रेला पडला ते लिहिलेलं असू दे. पहिल्या दिवशी गाडी सुरू करणार नाही, बंद गाडीत फक्त पेडल आणि पढंत.